घटनेत सहलीचं कलम नाही

तमाम संबंधितांस, तसेच ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशा सर्वांस या जाहीर निवेदनाद्वारे कळवण्यात येते की, आज सकाळी साडेआठच्या सुमारास आमच्या राहत्या घरात घटनात्मक पेचप्रसंग निर्माण झाला असून पोहे गार झाले आहेत. परिस्थिती गंभीर, परंतु नियंत्रणात आहे.

झालं असं की टीव्हीवर शेजारच्या राज्यातले आमदार एका बसमधून कुठंतरी निघाले होते. बसच्या खिडक्यांना पडदे होते. एका पडद्याच्या फटीतून एक आमदार बाहेर बघत होता आणि शाळेच्या सहलीत खिडकीची जागा मिळावी तसं समाधान त्याच्या तोंडावर होतं. खालून पट्टी पळत होती. बहुमत कुणाकडे, राज्यपाल काय करणार, न्यायालय काय म्हणणार. बायको म्हणाली, "पोहे खा." मी म्हणालो, "थांब, एक माणूस शोधतोय." "कोण?" "म्हादबा." ती म्हणाली, "तो कशाला असेल आमदारांच्यात?" मी म्हणालो, "तो नसेल, पण अशा प्रत्येक बसमध्ये एक म्हादबा असतोच." तिनं टीव्ही बंद केला. बहुमत तिच्याकडं होतं.

आणि तेवढ्यात खालून हलगी ऐकू आली.

गॅलरीत गेलो. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेत, आमच्या बोळातून कुठल्यातरी गावची सासनकाठी चालली होती. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. सासनकाठी म्हणजे तिसऱ्या मजल्याला भिडेल एवढा उंच कळकाचा बांबू, त्याला गुंडाळलेलं रंगीत कापड, गोंडे आणि शेंड्याला तुरा. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेला गावोगावच्या अशा काठ्या जोतिबाच्या डोंगरावर जातात. काठी धरायचा मान ठरलेल्या घराण्याचा. चौघं जण दोऱ्यांनी तोल राखतात आणि मानकरी ती कमरेच्या पट्ट्यावर तोलून नाचवत नेतो. बाकी काही ध्यानात राहिलं नाही तरी चालेल, एक गोष्ट ठेवा. काठी उभी पाहिजे. काठी वाकली की गावाची मान वाकली.

कपाटात माझी राज्यघटनेची जुनी प्रत आहे. पंचायतींचा भाग सुरू होतो तिथून पुढची आठ-दहा पानं गुलाबी आहेत. छापताना झालेली चूक नाही ती. एका चैत्रात दुपारी मी ती प्रत स्कूटरच्या सीटवर उघडी ठेवली होती आणि एका गावची काठी तिच्या बाजूनं गेली. गुलाल अजून झटकला जात नाही. मीही फार झटकत नाही.

आमच्याकडं चैत्रात तीन गोष्टी एकदम येतात, यात्रा, परीक्षा आणि चटणी. नव्वदीच्या दशकाचा उत्तरार्ध. मी तिशी गाठलेला, दिवसा बँकेत कारकून आणि सकाळी सातला लॉ कॉलेजात विद्यार्थी. अभ्यासाला मी आणि मिलिंद कांबळे अशा दोघांनी मंगळवार पेठेतच एक माडी घेतली होती. भाडं कमी होतं, आणि ते का कमी आहे हे आम्हाला चैत्रात कळलं. खाली मिरची कांडपाचं यंत्र होतं. वर्षाची चटणी करायला पेठेतल्या बायका डबे घेऊन रांग लावायच्या. मशीन सुरू झालं की फरशी थरथरायची आणि फटीतून लाल धूर वर यायचा. मूलभूत हक्क आम्ही शिंकत शिंकत पाठ केले. कलम चौदा म्हणजे समानता. शिंक. कलम एकोणीस म्हणजे स्वातंत्र्य. दोन शिंका. कलम एकवीस म्हणजे जीविताचा हक्क, आणि त्याच्याविषयी आम्हाला खरोखरच शंका वाटू लागायची. आजही कुणी मूलभूत हक्कांवर भाषण सुरू केलं की माझं नाक हुळहुळतं.

घटनेचा विषय शिकवायला जे सर होते ते दुपारी कोर्टात वकिली करायचे. आवाज असा की बाहेर उभी राहिलेली पोरंही पास व्हावीत. फूटपट्टी टेबलावर आपटून विचारायचे, "बहुमत कुठं मोजायचं? राजभवनात?" आम्ही एका सुरात म्हणायचो, "नाही सर." "हॉटेलात?" "नाही सर." "मुख्यमंत्र्याच्या सासुरवाडीत?" "नाही सर." "मग?" "सभागृहात, सर."

हा धडा ज्या निकालातला, तो तेव्हा ताजा होता. शेजारच्याच राज्यातलं सरकार काही आमदारांच्या पत्रांच्या आधारे बरखास्त झालं होतं. नंतर त्यातले काही जण म्हणाले, आम्हाला फसवून सह्या घेतल्या. प्रकरण दिल्लीला गेलं आणि नऊ न्यायमूर्तींनी मिळून सांगितलं की सरकारला बहुमत आहे की नाही हे राज्यपालांनी मनाशी ठरवायची गोष्ट नव्हे. सभागृह आहे, सभासद आहेत, तिथं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोजा. आम्हाला वाटायचं, एवढी साधी गोष्ट सांगायला नऊ माणसं कशाला लागली? आता वाटतं, नऊ कमीच पडली.

मिलिंदची थोरली बहीण इंदूअक्का. कोडोलीच्या पलीकडच्या एका गावात दिलेली. गावाचं नाव सांगत नाही, कारण या गोष्टीतले तात्या अजून वाचतात आणि वाचलेलं विसरत नाहीत. घटनेत त्र्याहत्तरावी दुरुस्ती झाली, पंचायतीत बायकांना आणि मागासवर्गीयांना राखीव जागा आल्या, आणि त्या दुरुस्तीचं बोट धरून इंदूअक्का सरपंच झाली. सातवी शिकलेली, तीस गुंठे शेतीत राबणारी बाई. तिला निवडून आणलं ते तात्यांनीच. तात्या तेव्हा उपसरपंच. त्यांचा अंदाज होता की राखीव जागा म्हणजे रिकामी जागा, तिच्यात आपण बसायचं. गावात तोवरची रीत अशी होती की पंचायतीचा शिक्का तात्यांच्या घरी, सोप्यातल्या फडताळात असायचा. सरपंच कुणीही होवो, शिक्का मारायला तिकडं जायचं.

इंदूअक्का पहिल्याच आठवड्यात गेली.

"तात्या, शिक्का द्या."

"असू दे की हितं. लागंल तवा येत जा."

"रोज लागतोय. रोज आली तर वैनी चा किती येळा करतील?"

शिक्का तिच्या कापडी पिशवीत गेला, भाकरीच्या फडक्याशेजारी. पुढं पंचायतीच्या दाखल्यांना हलका लसणीचा वास यायला लागला अशी तक्रार मिलिंदनं मला खासगीत सांगितली होती. पण दाखला त्याच दिवशी मिळायला लागला हेही त्यानंच सांगितलं.

आता तारेचं सांगतो. त्या गावच्या चौकात विजेची एक तार आडवी लोंबत होती. दर चैत्रात गावची काठी निघाली की चौकात येऊन तिरपी करावी लागायची आणि तारेखालनं ओढून काढायची. शेजारच्या गावचे लोक ते बघायला मुद्दाम येऊन उभे राहायचे. "काय पावणं, काठीला कंबरदुखी हाय व्हय?" असं विचारायचे. काठीचा मानकरी म्हादबा, तोच पंचायतीचा सदस्यही. पन्नाशीचा, कमी बोलणारा, हातापायानं लाकडासारखा. अक्का सरपंच झाली त्या वर्षीच्या चैत्रात काठी तिरपी करताना तोल गेला आणि शेंड्याचा तुरा थेट गटारात पडला. म्हादबा तो तुरा धोतराच्या सोग्यानं पुसत तिथंच बसला.

हे सगळं इंदूअक्का पंचायतीच्या पायरीवरून बघत होती. तिचं घर बौद्ध, सासऱ्यांच्या वेळेपासून. डोंगरावर ती जात नव्हती, गुलाल लावून घेत नव्हती, आणि हे ती कुणापासून लपवतही नव्हती. पण दुसऱ्या दिवशी तिनं तार वर उचलण्यासाठी वीज कार्यालयाला पहिला अर्ज लिहिला. मग दुसरा. मग भाकरी बांधून स्वतः कोल्हापूरला आली. आमच्या माडीवर बसून तिनं पुढच्या अर्जाचा मसुदा मला करायला लावला. मिलिंद म्हणाला, "अक्का, आपला त्या काठीशी काय संबंध?"

ती शिंकली, पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "माझा देव न्हाय त्यो. पर तार माझ्या हद्दीत हाय."

धर्मनिरपेक्षतेवर आम्हाला अख्खं प्रकरण होतं, टिपांसकट. मी त्या प्रकरणाच्या समासात हे वाक्य लिहून ठेवलं. परीक्षेत लिहायचं धाडस झालं नाही.

पुढच्या चैत्रात, आमची परीक्षा तोंडावर आली असताना, तात्यांनी अविश्वासाची नोटीस दिली. कारण लिहिलं होतं मनमानी कारभार. खरं कारण पिशवीत होतं. सदस्य अकरा, ठराव पास व्हायला त्या वेळच्या नियमानं दोन तृतीयांश लागत, म्हणजे आठ. तात्यांच्या कागदावर आठ सह्या होत्या आणि आठवी म्हादबाची होती. सरपंचपद गेलं तर इंदूअक्काचं जे जाणार होतं ते खुर्चीपेक्षा मोठं होतं. गावात लोक म्हणायलाच टपले होते, राखीव बाई ती, टिकतीय कुठली. पुढची पंचवीस वर्षं अक्काच्या गल्लीतली कुठलीही बाई उभी राहायचं म्हणाली असती तर तिला हेच ऐकवलं गेलं असतं. अक्काला हे माहीत होतं. मिलिंदला माहीत होतं. म्हणून तो जेवत नव्हता.

तहसीलदारांनी आठवड्याच्या आत सभा लावली. आणि इथं तात्यांची ती चूक झाली. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेला माणूस अशी चूक करेल यावर माझा अजून विश्वास बसत नाही. त्यांनी नोटीस देताना सगळं बघितलं. सह्या बघितल्या, मुदत बघितली, वकिलाला विचारलं. भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं नाही. सभा लागली चैत्री पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, सकाळी अकराला. त्याच दिवशी दुपारी गावची काठी निघायची होती.

आठ माणसं फुटू नयेत म्हणून तात्यांनी तेच केलं जे आमच्याकडं कारखाना, दूध संघ, सोसायटी, पंचायत अशा सगळ्या ठिकाणी करतात. सहल काढली. दोन जीपगाड्या भरून मालवणला. आमच्याकडं एखाद्या सदस्याच्या घरी फोन केला आणि बायको म्हणाली, "फिरायला गेल्यात," तर ऐकणारा ओळखतो की लोकशाही जोरात आहे.

सहलीची हकिगत मला नंतर म्हादबानंच सांगितली, तुटक तुटक, चार यात्रांमध्ये मिळून. सात जण तळलेल्या माशांवर तुटून पडले होते. म्हादबाला यात्रेची पाळणूक. मानकऱ्याला काठी डोंगरावर जाईपर्यंत मासमच्छी चालत नाही. त्यामुळं मालवणात तीन दिवस तो भात आणि सोलकढी खाऊन होता. तात्या म्हणाले, "एवढ्या लांब आणलंय, खा की एक तुकडा." म्हादबा म्हणाला, "तात्या, तार खाली हाय म्हणून काठी वाकवतोय. आता मी पण वाकू व्हय?" मग तो जाऊन वाळूत बसला. एकच अट त्यानं घातली होती. सभेच्या दिवशी काठी बांधायच्या वेळेला मला गावात सोडायचं. तात्यांना त्यात वावगं वाटलं नाही. गाड्या सकाळी सातला गावात, सभा अकराला. गणित सुटत होतं.

इकडं माडीवर आम्ही दोघं रिट अर्ज लिहीत होतो. कलम दोनशे सव्वीस, उच्च न्यायालय, मुंबई. चौदा पानं झाली. मी भरात आलो होतो. "हे लिही," मी म्हणालो, "सदस्यांना डांबून ठेवल्यामुळं त्यांच्या कलम एकोणीसखालच्या भ्रमणस्वातंत्र्याचा भंग झाला आहे."

मिलिंदनं पेन खाली ठेवलं. "अरे ते भ्रमणालाच गेल्यात."

खालचं यंत्र सुरू झालं. आम्ही तो मुद्दा शिंकेत सोडून दिला.

अर्ज घेऊन सरांकडं गेलो. ते कोर्टाच्या आवारात चहा पीत होते. चौदाही पानं त्यांनी शांतपणे वाचली, शुद्धलेखनाच्या तीन चुका लाल पेन्सिलीनं दाखवल्या आणि विचारलं, "सभा झाली?"

"नाही सर. परवा आहे."

"मग कोर्टात कशाला निघालाय? अजून हरला कुठं तुम्ही?"

"सर, त्यांच्याकडं आठ सह्या आहेत."

"वर्षभर घसा कोरडा केला मी. बहुमत कुठं मोजायचं?"

मिलिंद खाली मान घालून म्हणाला, "सभागृहात, सर."

"मग मोजू दे की," सर म्हणाले आणि चहाचे पैसे आम्हाला द्यायला लावून निघून गेले.

त्या क्षणी आम्हाला ते फार निर्दय वाटले. आता मागं वळून बघताना वाटतं, त्यांनी आम्हाला त्या निकालातली एक अडचण दाखवली होती, फक्त नाव घेतलं नाही. न्यायालयानं मोजायची जागा ठरवून दिली. त्या जागेवर पोचेपर्यंत माणसानं कुठं राहायचं, कुणाच्या गाडीत बसायचं, कुणाच्या ताटात जेवायचं, हे ठरवलेलं नाही. ठरवता येण्यासारखंही नाही. घटनेत सहलीचं कलम नाही. आणि आमदारांच्या बाबतीत तर आणखी एक गाठ आहे. पक्षांतरबंदीच्या कायद्यामुळं पक्षाच्या आदेशाबाहेर मत दिलं तर आमदारकी जाऊ शकते. म्हणजे हात आमदाराचा, पण दोरी पक्षाच्या मुठीत. हा हात मोजला म्हणजे नक्की काय मोजलं? विधानसभेच्या अध्यक्षांनी कुणाला अपात्र ठरवायचं, कधी ठरवायचं, कोर्टानं त्यात किती हात घालायचा, हे खटले आजही चालू आहेत आणि मिलिंद त्यातले निकाल जमवत बसतो. तो आता वकील आहे, जिल्हा न्यायालयात. मी बँकेतच राहिलो. परीक्षा पास झालो, सनद घेतली नाही. मला गोष्टी सांगायचा नाद होता आणि न्यायाधीशांना तो आवडत नाही असं ऐकलं होतं.

मघाशी पोहे गरम करून खातोय तोवर त्याचा फोन आला.

"बघालाईस का टीव्ही?"

"बंद केलाय."

"बसमध्ये किती हाईत म्हणं?"

"बसमध्ये मोजत नसतात लेका."

तो हसला. दोघांच्याही डोळ्यांपुढं सभेची ती सकाळ होती.

त्या सकाळी आम्ही स्कूटरवरून निघालो. मिलिंदच्या खांद्याला रिट अर्जाची पिशवी, माझ्याकडं घटना, कारण दुसऱ्या दिवशी पेपर होता आणि वाटेत चहाला थांबलं की वाचू असा माझा प्रामाणिक विचार होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस तुटलेली रानं, वाळलेल्या पाचटाचा वास, आणि मधूनच डोंगराकडं चाललेल्या काठ्या. कोडोली ओलांडली तेव्हा ऊन चढायला लागलं होतं. गावात शिरलो तर चौकात गर्दी. आम्हाला वाटलं, सभेची. सभेची नव्हती. माणसं वर बघत होती.

तार वर गेली होती. सहल मालवणात असताना वीज कार्यालयाची माणसं येऊन दोन नवे खांब रोवून गेली होती. तार आता इतकी वर होती की तिच्यावर बसलेली चिमणी लहान दिसत होती.

म्हादबा नुकताच जीपमधून उतरून, अंघोळ करून काठी बांधून आला होता. तात्यांनी त्याच्या पाळतीवर एक माणूस ठेवला होता, तो सावलीसारखा मागं उभा. काठीच्या बुडाशी गोंड्यांमध्ये शिंपल्यांची एक नवी माळ होती. म्हादबानं वर बघितलं. मग तोल धरणाऱ्या चौघांना म्हणाला, "उचला. बघूया." काठी हळूहळू उभी राहिली. पूर्ण उभी. तारेच्या खाली हातभर मोकळं आभाळ शिल्लक राहिलं. कुणीतरी चांगभलं म्हणालं, पण हळू, खात्री नसल्यासारखं. म्हादबानं काठी तशीच धरून ठेवली. चांगला वेळ धरली. मग खाली घेताना विचारलं, "कुणी केलं हे?"

पंचायतीच्या पायरीवर इंदूअक्का उभी होती. कुणी बोट दाखवलं नाही. दाखवायची गरजही पडली नाही.

मिलिंदनं तिला बाजूला घेतलं. "अक्का, आत्ता जा. दोन शब्द बोल त्याच्याशी. एवढं एक मत फुटलं तरी बास."

"न्हाय."

"अगं नुसतं सांग, तार तू उचललीस म्हणून."

"मत मागाय जायाची न्हाय मी," ती म्हणाली. "तार काठीसाठी उचलली. हातासाठी न्हाय."

"आणि पद गेलं म्हंजे?"

तिनं पिशवी काखेत घट्ट धरली. "गेलं तर मतं मोजून झाल्यावर शिक्का म्या देईन. तुझ्या चौदा पानांच्या जिवावर ठेवायची न्हाय, त्यांच्या आठ सह्यांस्नी भिऊन सोडायची न्हाय." आणि ती आत गेली. पिशवीचा बंद तिनं तीनदा गुंडाळला आणि तीनदा सोडला.

पंचायतीची खोली लहान. अकरा सदस्य, तहसीलदार, त्यांचा कारकून. खिडक्यांना गाव लोंबकळलेलं. मी आणि मिलिंद एका खिडकीत. उन्हानं तापलेला पत्रा वर कडकड वाजत होता. बाहेर हलगीवाला हलगी शेकत होता. सातही सहलकरी उन्हानं लाल झालेले, एकाच्या डोक्यावर मालवणातली नवी टोपी. तात्या शांत. त्यांनी मनातल्या मनात पुढचा सरपंचही ठरवून टाकला होता आणि तो त्यांच्या उजव्या हाताला बसला होता.

तहसीलदारांनी ठराव वाचला. इंदूअक्काला बोलायचं आहे का विचारलं. ती उभी राहिली, म्हणाली, "अर्जांच्या नकला हाईत, कामांची यादी हाय, वाचायची असली तर ठेवलीया," आणि बसली. कुणी वाचली नाही.

"ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. तहसीलदारांनी बोटानं मोजले. सात. त्यांनी चष्मा वर सरकवला. "पुन्हा मोजतो." सातच.

तात्या वळले. "म्हादबा, हात."

म्हादबा मांडीवरच्या आपल्या तळव्यांकडं बघत होता. गुलालानं भरलेले होते.

"साहेब मोजाय लागल्यात. हात वर कर की."

"काठी बांधून आलोय, तात्या."

"मग? काठी वर करतोस, हात न्हाय हुईत व्हय?"

"काठी सरळ उभी ऱ्हायली," म्हादबा म्हणाला. "चौकात. तुमी बघाय नव्हता."

"त्येचा हितं काय संबंध?"

"आपसात बोलू नका," तहसीलदार म्हणाले. "ठरावाच्या विरोधात असतील त्यांनी हात वर करा."

तीन हात वर झाले. एक इंदूअक्काचा, दोन तिच्या बाजूच्यांचे. मग थोड्या वेळानं चौथा. चौथा हात गुलाबी होता.

खिडकीत मिलिंदनं माझं मनगट धरलं होतं, ते इतकं आवळलं की दुसऱ्या दिवशी पेपर लिहिताना दुखत होतं. तहसीलदारांनी कागदावर आकडे लिहिले, खाली सही केली आणि ठराव नामंजूर झाल्याचं जाहीर केलं. इंदूअक्का हलली नाही. फक्त पिशवीचा बंद सोडला आणि परत गुंडाळला नाही. तिनं पुढं मुदत पूर्ण केली, शिक्क्यासकट.

सभा संपली होती. पण तहसीलदार उठेनात. ते सरळमार्गी अधिकारी होते आणि त्यांच्या पुढ्यातल्या दोन कागदांचा त्यांना मेळ लागत नव्हता. त्यांनी नोटीस उचलली.

"म्हादबा, ही सही तुमचीच ना?"

"व्हय साहेब."

"कुणी जबरदस्तीनं घेतली?"

"न्हाय जी."

"सहलीला कुणी बळंच नेलं होतं?"

"न्हाय. माझ्या पायानं गेलतो."

तात्या त्याच्याकडं बघत होते. सगळं गाव खिडक्यांतून त्याच्याकडं बघत होतं. तहसीलदारांनी चष्मा काढला.

"सही तुमची, तीन दिवस त्यांच्याबरोबर राहून आलात, जेवलात, आणि मत विरोधात. मग गेलात कशाला?"

म्हादबा सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बोलून गेला,

"समुद्र कवा बघितला नव्हता की, साहेब."